बाबांच्या खोलीतला दिवा

ताई,

बाबा गेल्यापासून मी विसरलेला प्रत्येक दिवा, प्रत्येक पंखा मागाहून बंद झालेला आढळतो. "पृथ्वी तापतेय, जहागीरदार!" असं पुटपुटत बाबा आपल्यामागून बटणं बंद करत फिरायचे, अगदी तसंच. मला वाटायचं, हे तू करतेस. काल तू म्हणालीस, तुला वाटायचं मी करतो.

म्हणून आज त्यांच्या खोलीतला दिवा मुद्दाम चालू ठेवून, घराला कुलूप लावून मी कामावर जातो आहे. दुपारी तू माझ्याआधी येशील. दिवा बंद असेल, तर आपण घर सोडतोय असं घरमालकांना कळवू नकोस. बाबांना इथे एकटं ठेवून जायचं कसं?

चालू असेल, तर तूच बंद कर. मला मात्र सांगू नकोस.