पिस्तुलाची मूठ

प्रिय लुसिंडा,

आज सकाळी बिस्किटं करपली. माझी बिस्किटं कधी करपत नाहीत हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? मंगळवारपासून मी सुन्न झालेय गं. कुणी नुसती हाक मारली तरी दचकते. कॉफीचं भांडं चुलीवर चढवते आणि पाणी घालायलाच विसरते. उन्हाळाभर तुला दोन ओळी लिहिल्या नाहीत, तू चिडली असशील. चीड खुशाल. पण आधी हे ऐकून घे.

एझ्रा टोलिव्हर तुला आठवतो ना, आमचा मार्शल? त्याच्याबद्दल लिहिलं तेव्हा तू मला चिडवलं होतंस, की थर्झाबाई, दर ओळीत एकाच बाप्याचं नाव, काय भानगड आहे? तोच तो. मी इथे खाणावळ उघडली तेव्हा हे गाव म्हणजे नुसता राडा होता. टेक्सासहून गुरांचे कळप यायचे, मागून महिनोन्‌महिने तहानलेले गुराखी, आणि दारू पोटात गेली की पिस्तुलं बाहेर. एझ्राने आल्या आल्या पुलापाशी पाटी ठोकली: गावात शिरणाऱ्याने पिस्तूल मार्शलच्या हवाली करावं, जाताना परत न्यावं. आमचे नगराध्यक्ष बॅस्कम तर पोट धरधरून हसले. म्हणाले, मार्शल, गुराख्याकडे त्याची विजार मागा, ती एकवेळ देईल. पण हळूहळू देऊ लागले सगळे. द्यायची रीतही ठरून गेली. नळी आपल्याकडे, मूठ मार्शलकडे. माझ्या मनात काही नाही, असं सांगायची ती पद्धत. त्या रीतीवर गाव शांत झोपायला लागलं होतं.

मग जोनास गेला. एझ्राचा मदतनीस, हसरा, बडबड्या, ॲपल पायची शेवटची फोड कायम ढापणारा. एका माणसाने त्याच्यापुढे अशीच मूठ केली, अगदी अदबीने. फक्त बोट चापाच्या कडीत अडकवून ठेवलं होतं. जोनासने घ्यायला हात पुढे केला, त्याने पिस्तूल बोटावर गर्रकन फिरवलं आणि जागच्या जागी त्याला मारलं. एझ्राने जोनासला हातांवर उचलून माझ्या दारावरून नेलं. त्यानंतर तो माझ्याकडे जेवायचा, पण भिंतीला पाठ लावून. गावभर सांगत फिरला, की यापुढे हातात काही द्यायचं नाही, पट्टा सोडायचा आणि जमिनीवर टाकायचा. पाटी तेवढी जुनीच राहिली. मी बॅस्कमना म्हटलं सुद्धा, अहो, ती बदला. तर म्हणाले, आता पोराटोरांना माहीत झालंय, उगीच रंग कशाला नासायचा? गावातल्यांना माहीत होतं गं. बाहेरून येणाऱ्याला कोण सांगणार होतं?

मंगळवारी न्याहारीच्या वेळी एकजण आला. लांबून आलेला, दाढी वाढलेली, पिस्तूल कमरेलाच. बसता बसता म्हणाला, बाई, जरा हात सैल सोडून वाढा, दोन वर्षांची भूक आहे. मी म्हटलं, मग आधी तोंड धुऊन या, धूळही दोन वर्षांचीच दिसतेय. मोकळं हसला. खरंच उठून धुऊन आला. मिसूरीकडची गाडी कधी सुटते ते विचारलं. मी त्याला बीन्स आणि खारं डुकराचं मांस वाढलं आणि बिस्किटं काढायला आत गेले.

पुढचं मी दाराआडून ऐकलं. एझ्राच्या बुटांच्या टाचांना लावलेल्या, घोड्याला टोचायच्या आऱ्या वाजल्या, त्याच्या पायाखाली कुरकुरणारी ती फळी वाजली. पाटी वाचली नाहीस का, म्हणाला. वाचली की मार्शल, पाहुणा म्हणाला, पण दोन वर्षांची भूक, ती थांबेना, हे घ्या पिस्तूल. खुर्ची सरकली. मग एझ्राचा आवाज एकदम खाली गेला. बोट काढ. आणि लगेच पुन्हा, बोट काढ म्हणतो ना. पाहुणा गडबडून म्हणाला, अहो, ते निघायला जरा... आणि गोळीचा आवाज झाला. माझ्या हातातलं ताट कधी पडलं मला कळलंच नाही.

मी बाहेर आले तेव्हा एझ्रा त्याच्याशेजारी गुडघ्यावर बसला होता. माणूस गेला होता. पिस्तुलाची मूठ अजून पुढेच होती. एझ्राने पिस्तूल सोडवायला घेतलं तर बोट कडीतून निघेना. ते बोट सरळ होणारं नव्हतंच. कधीतरी चेंगरून आकड्यासारखं वाकून बसलेलं. एझ्राने माझ्याकडे वर पाहिलं आणि म्हणाला, थर्झा, हे सरळच होत नाही. ते तोंड मी मरेपर्यंत विसरणार नाही.

बॅस्कम आले, गाव जमलं. सगळ्यांचं एकच म्हणणं, की जोनासनंतर कुणीही हेच केलं असतं. एझ्राने कुणाचं ऐकलं नाही. बिल्ला काढून माझ्या टेबलावर ठेवला, समोरच्या तुरुंगात गेला, स्वतःच्याच कोठडीत शिरला आणि किल्ल्या गजांमधून बॅस्कमकडे फेकल्या. म्हणतो, त्याची माणसं शोधा, ती काय म्हणतात ते न्यायाधीशांपुढे होऊ दे. बॅस्कम वैतागले, अरे बाबा, नाव नाही, गाव नाही, शोधू कुठे? फिरते न्यायाधीश महिनाअखेरीला येतील. कुणी आलंच नाही तर ते त्याला सोडून देतील, सगळं गाव तशीच साक्ष देणार आहे. मी रोज ताट नेते, रोज तसंच परत आणते. तुला खोटं कशाला सांगू? माझा त्या माणसावर जीव आहे. वसंतात त्याने मला लग्नाचं विचारलं होतं, आणि मी हो म्हणाले होते. तुला हेच सांगायला लिहिणार होते मी.

त्या पाहुण्याला आंघोळ मीच घातली. दुसरं कोण करणार? कमरेच्या पट्ट्यात त्याचे लोकरी हातमोजे खोचलेले होते. उजव्याचं पहिलं बोट मुद्दाम वाकडं विणलेलं, आतून मऊ अस्तर लावलेलं. आणि मनगटाशी ती दुहेरी काठाची वीण, जी तुझ्या आईने तुला आणि मला शेजारी बसवून शिकवली. मी जमिनीवरच बसले, लुसिंडा. लग्नानंतर तू कळवलं होतंस, लाकडाच्या गिरणीत तुझ्या नवऱ्याचं बोट चेंगरलं म्हणून. तुझा वॉरन होता गं तो. दोन वर्षांनी तुझ्याकडेच, मिसूरीला परत निघाला होता. माझ्या हातचं खाऊन गेला आणि, कधी पाहिलाच नव्हता, मी त्याला ओळखलंही नाही. इथे हे फक्त मला माहीत आहे. मोजे घेऊन मी चुलीपाशी उभी राहिले होते, तेही सांगते. ते आत टाकले असते तर एझ्रा सुटला असता आणि तू आयुष्यभर दाराकडे बघत बसली असतीस. मला ते जमलं नाही. मोजे सोबत पाठवतेय. वॉरनला टेकडीवर, देवदाराखाली चांगली जागा दिली आहे. न्यायाधीश यायच्या आत ये. त्यांच्यासमोर तुला वाटेल ते म्हण, बोलताना माझ्याकडे बघू नकोस. एझ्राला फाशी द्या म्हणालीस, तरी उतरायचं माझ्याकडेच. खोली झाडून ठेवली आहे.

तुझीच,
थर्झा