नाचरा उजवा हात

गुरुजी, हात थरथरतोय तरी लिहायला बसलोय. आताचं हे म्हातारपणाचं. तेव्हाचं वेगळं होतं. साखरा गावची शाळा, निजामाचं राज्य, आणि तुम्ही डोळे मिटून कविता चालीवर म्हणताय, आम्ही मागून म्हणतोय. अचानक माझा उजवा हात उडतो, बोटं वळवळतात, पाटी पडते. पोरं हसतात. "काहून नाचून राहिला रे? कवितेची टिंगल करतो व्हय?" म्हणत तुम्ही दोन छड्या दिल्यात. हात थांबेना. तिसरी छडी उगारलेलीच राहिली.

घरी ठरलं, बाहेरचं आहे, डाग द्यायचा. सकाळी आजोबांनी चुलीत विळा खुपसला. टोक लाल होत होतं आणि माझी चड्डी ओली झाली. मी ओरडलो, "बाहेरचं न्हाई! गुरुजींनी मारलं, तवापासून उडून राहिला!" विळा चुलीतच राहिला. बा मला ओढत शाळेत आले. "लेकरू मोडलं तुमी आमचं! अन् आमी डाग द्यायला विळा तापवला व्हता!" वर्गानं सगळं पाहिलं होतं. तुम्ही खरं सांगाल आणि मग पुन्हा विळा, म्हणून मी बाच्या मागे डोळे गच्च मिटून उभा. मग तुमचा आवाज आला, "व्हय, चूक माझीच. मीच दवाखान्यात नेतो."

हिंगोलीपर्यंत बैलगाडीत तुम्ही माझा हात मांडीवर धरून बसला होतात. डॉक्टर म्हणाले, मागं घसा धरून ताप आला असेल, त्याचं हे. छडीचा संबंध नाही, विश्रांती द्या. आजाराचं नाव लॅटिन, कोरिया, म्हणजे नाच. तुम्ही शब्दवेडे! लगेच विचारलंत, "अनेकवचन काय? भावकीत आणखी कोण?" डॉक्टर हसले, "अनेकवचन कोरेए. अन् मिळून गातात तो कोरस त्यांच्यातलाच." परतताना तुम्ही म्हणालात, "म्हंजे हात कवितेवरच नाचत होता. ताल माझा चुकला." आणि मग हळूच, "डॉक्टरचं घरी बोलू नको. विळा हाय अजून तिथं."

दोन-तीन महिन्यांत हात शांत झाला. गावानं मात्र तुमचं नाव 'पोरं मोडणारा मास्तर' ठेवलं. वर्गातली पोरं घटली, आणि वर्ष सरताना तुम्ही एक पेटी घेऊन सेनगावच्या वाटेनं निघून गेलात. मी कुडाआडून पाहत होतो.

हा कागद कवितांच्या वहीतच राहील. तुम्ही नाहीत, बा नाहीत, आजोबा नाहीत, विळा कधीच भंगारात गेला. भ्यायला कुणी उरलं नाही. तरी परवा नातवानं विचारलं, "आबा, हात काहून हलतो तुमचा?" आणि माझ्या तोंडून निघालं, "लहानपणी मास्तरनं मारलं होतं."