तू पाठवलेले दहा उपाय

आणि पाकिटातून निघालं काय, तर पुस्तिका! मागच्या पत्रात मी काय लिहिलं होतं, ढब्बू? आठ दिवस ये, बाबांजवळ बस, माझ्या डोक्याचा पार भुगा झालाय. एवढंच. त्यावर स्वतः यायचं सोडून तू ‘ताण घालवण्याचे दहा सोपे उपाय’ पाठवलेस. गुळगुळीत कागद, वर डोळे मिटून हसणाऱ्या बाईचं चित्र. (तिच्या घरी कोण कोण असतं ते कुठे दिलेलं नाही. मी शेवटच्या पानापर्यंत शोधलं.) तुझ्या ऑफिसात फुकट वाटली असणार. दोन वर्षांत तुला इकडे यायला सवड झाली नाही, पण पाकिटावर तिकीट चिकटवायला झाली, हेही नसे थोडके.

रागाच्या भरात रीत राहिली, म्हणून आता लिहिते. तुला, तुझ्या बायकोला आणि पोरांना आशीर्वाद. तुम्ही खुशाल असालच. मी ठीक आहे. बाबाही ठीक आहेत. ठीक म्हणजे जेवतात, चालतात, आणि दर दहा मिनिटांनी विचारतात, ‘पोरगा आला का?’ पोरगा म्हणजे तू. मी नाही म्हणते. मग ते दाराकडे तोंड करून स्टूल सरकवतात. त्या स्टुलाने फरशीवर चरा पडलाय, आलास तर दाखवीन.

तुला वाटेल ताईने पुस्तिका चुलीत घातली. नाही घातली. आमच्या दवाखान्याच्या धुलाईखात्यात गेल्या महिन्यात सगळ्या बायकांचा रक्तदाब तपासला, तेव्हा माझा आकडा बघून डॉक्टरीणबाईंनी यंत्र बदललं. दुसऱ्या यंत्रानेही तेच सांगितलं. ‘ताण घेऊ नका,’ म्हणाल्या. मी म्हटलं, मी कुठे घ्यायला जाते, तो घरपोच येतो. त्या हसल्या नाहीत. म्हणून मी चौथीपर्यंतच्या शिक्षणाच्या जोरावर, बोट ठेवून, तुझी पुस्तिका वाचायला घेतली.

पहिला उपाय दीर्घ श्वास. चार आकडे मोजत आत घ्यायचा, सात मोजेपर्यंत धरायचा, आठ मोजत सोडायचा. कामाच्या जागीही करता येतो असं लिहिलंय. लिहिणाऱ्याने चादरी मोजलेल्या नाहीत. आमच्याकडे दोघी दोन टोकं धरून घडी घालतात, घडी ढिगावर पडली की आकडा मोठ्याने म्हणायचा, पंचवीस झाल्या की गठ्ठा बांधायचा. माझी जोडीदारीण वेळेची इतकी पक्की की तिला सगळ्या ‘घड्याळ’ म्हणतात. मी श्वासाचे आकडे मोजत होते, ती ते चादरींचे समजून पुढे मोजत गेली, आणि पंचवीसचे गठ्ठे म्हणून आम्ही अकरा-अकरा चादरी बांधून वर पाठवल्या. डोळ्यांच्या वॉर्डात माणसं पट्ट्या बांधून नुसत्या गादीवर झोपली. वॉर्डाची मोठी नर्स स्वतः खाली उतरली. ती जे बोलली ते दीर्घ श्वास न घेता बोलली. घड्याळ अजून माझ्याशी बोलत नाही, आणि तिसऱ्या उपायात लिहिलंय मैत्रिणीशी मन मोकळं करा. माझी मैत्रीण तीच होती.

दुसरा उपाय, रोज अर्धा तास भरभर चालणे. बाबांना एकटं ठेवता येत नाही, म्हणून त्यांना घेऊन निघाले. तुला माहीतच आहे, ज्या माणसाने चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवल्या तो रस्त्याने चालत नाही, वाचत जातो. माणसं विसरले, पण अक्षर विसरले नाहीत. औषधांच्या दुकानापाशी थांबले, ‘हा काना बघ, दारू प्यायल्यासारखा उभाय.’ चपलांच्या दुकानापाशी थांबले, ‘याला रंग कुणी दिला? की सांडला?’ न्हाव्याच्या दुकानापाशी तर त्यांनी खिशातून खडू काढला (खिशात खडू होता हे मला माहीत नव्हतं, आता रोज तपासते) आणि खुर्चीवर चढून त्याच्या नव्या कोऱ्या पाटीवरची अक्षरं दुरुस्त करायला लागले. आत एका गिऱ्हाइकाची अर्धी दाढी झालेली, न्हावी वस्तरा घेऊन बाहेर, बाबा वरून त्याला विचारताहेत, ‘तुझा हात असाच चालतो का रे? मग दाढी कोण करून घेतं?’ गिऱ्हाईक तसंच उठून गेलं. मी दीडशे पावलं चालले आणि तीन तासांनी घरी आले. भरभर म्हणावं असं त्यात माझं हृदय तेवढं चाललं.

मग राहिला पाचवा. (चौथा म्हणजे आठ तास झोप. त्यावर बोलून शाई वाया घालवत नाही.) पाचवा, सकाळी पाच मिनिटं मोठ्याने हसा, कारण लागत नाही. मी ओट्यापाशी उभी राहिले आणि हसायला लागले. आधी जमेना. मग तो डोळ्यांचा वॉर्ड आठवला, अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक आठवलं, आणि काय सांगू ढब्बू, असं हसू फुटलं की आवरेचना. डोळ्यांतून पाणी, ओट्याला धरून खाली बसले. वळून बघते तर स्टूल रिकामं, दार उघडं.

बाबा वर गेले होते, आपल्या वर राहते त्या शिलाईवालीकडे. तिनेच हाताला धरून खाली आणलं. घाबरले होते बिचारे, बनियनवर, अनवाणी. ती माझ्याकडे बघेना. मी म्हटलं, काय झालं ते सांग ना सरळ. तेव्हा म्हणाली, ‘म्हणतात, आमच्या घरात कामाला असते ती बाई वेडी झालीय. माझ्या मुलीला बोलवा.’

मग मी काय करणार? पदराने तोंड पुसलं आणि म्हटलं, बोलावलंय हो, येतेय ती. तेव्हा शांत झाले, चहा प्यायले. निम्मा मला ठेवला. ‘घे बाई, तूही दमतेस,’ म्हणाले. बाबांचं करायला लागल्यापासून सहा वर्षांत मला दमतेस म्हणणारं हे पहिलं माणूस, तेही मला न ओळखणारं.

सातवा उपाय आहे, मनातलं सगळं कागदावर उतरवा आणि कागद फाडून टाका. तो मी आत्ता करतेय, म्हणून मनाला लावून घेऊ नकोस, हे तुला लिहिलेलं नाही, औषध आहे. फक्त फाडत नाही, कारण पाकीट आणलंय. तुला तुझे व्याप आहेत हे मला कळतं. नाही जमलं तर नको येऊस. मी बघेन.

तुझी,
ताई

ता.क. ‘मी बघेन’ लिहिलं ते सवयीने. मी कामावर असते तेव्हा बाबांजवळ शिलाईवाली आपलं मशीन आणून बसते. येत्या सोमवारी ती लेकीच्या बाळंतपणाला चाललीय, तीन महिने. सोमवारपासून बाबांजवळ कुणी नाही. दार आहे फक्त, आणि ते त्यांना उघडता येतं.

आणखी एक. पाकिटावरचा पत्ता बाबांनी घातलाय, अक्षरावरून ओळखलं असशीलच. पत्ता मी सांगितला, तुझं नाव सांगावं लागलं नाही. मग मागच्या बाजूला पाठवणाऱ्याचं काय घालू म्हणाले. मी माझं नाव सांगितलं. त्यांनी ते सावकाश काढलं, पाटीवर काढायचे तशी खाली सावली दिली, लांब धरून बघितलं आणि म्हणाले, ‘माझ्या मुलीचंही हेच नाव, बाई.’

गुरुवारपर्यंत उत्तर पाहिजे. कुठल्या दिवशी पोचतोस तेवढंच लिही. पुस्तिका नको.