मागाच्या खोलीत नळी नाही

प्रितम,

भात झाकून ठेवला आहे. मांजर बाहेर काढ. मिस्त्री येऊन नकाशा देऊन गेला.

धूळ ओढणाऱ्या मशीनच्या नळ्या भिंतींतून सगळ्या खोल्यांत जाणार, अगदी तुझ्या चपलांच्या कपाटापर्यंत. फक्त आईच्या हातमागाच्या खोलीत एकही नाही. घरात सुताचा धुरळा उडतो तो तिथेच. आणि "आईच्या खोकल्यासाठीच करून राहिलो, ताई," असं तूच म्हणाला होतास.

मिस्त्रीला विचारलं, तर म्हणाला, "तेथं तर गाडी उभी राहीन ना, बाई!"

मग माग कुठे जाणार रे?

मी आंधळगावला मामाकडे जाते आहे. परत आले की हेच आईसमोर विचारीन. त्याआधी तूच तिला सांग.

— रेणूताई

प्रितमने सगळं सांगितल्यावर मंगळवारी आईने मागावर तीन साड्यांचा नवा ताणा चढवला; तो विणून होईपर्यंत माग हलवता येत नाही.