थोरलीच्या कपाटातला दिवा

मी, मथुरा गणपत पिलणकर, वय चौसष्ट, राहणार भाट्ये, तालुका व जिल्हा रत्नागिरी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे, कोणी दडपण आणलेलं नाही, आणि बिघाड फक्त हृदयात आहे असं डॉक्टरांनीच लिहून दिलं आहे. सोमवारी कोल्हापूरला ऑपरेशन आहे. सगळे म्हणतात, हल्ली हे रोजचंच झालंय. डॉक्टरांचं रोजचं असेल, माझं पहिलंच आहे.

१. भाट्ये येथील राहत्या घरातला माझा अर्धा हिस्सा माझा धाकटा भाऊ निलेश यास मिळावा. मी लग्न केलं नाही, मूलबाळ नाही, तेव्हा वादाचं कारण नाही. मागच्या खोलीतलं लाकडी कपाट मात्र कोणीही जागचं हलवू नये. का, ते पुढे येईल.

२. बँकेतल्या ठेवीतून आधी दवाखान्याचं बिल आणि माझं दिवसकार्य भागवावं. उरेल ते आणि पाटल्या निलेशची मुलगी ऋतिका हिला द्याव्यात.

३. माझ्याकडे दोन सिंथेसायझर आहेत. दोन्ही अ‍ॅनालॉग, म्हणजे आधी भरून ठेवलेला आवाज त्यांत नसतो, तो आतल्या विजेतून तिथल्या तिथे घडतो. ऑर्केस्ट्रात आणि जाखडीच्या नाचाला वाजवून मी यांच्यावरच पोट भरलं. एकीला मी थोरली म्हणते, एकीला धाकटी.

थोरलीला स्मरण नाही. प्रत्येक आवाज नॉब फिरवून नव्याने बांधायचा. दोन सूर जुळवायचे, त्यांतला एक केसभर उतरता ठेवायचा, म्हणजे खर्ज जाड होतो आणि आतून हलतो. एखाद्या नॉबला धक्का लागला की तो आवाज गेला. धाकटी आवाज साठवते. कळ दाबली की कालचाच आवाज आज हजर. पण तिच्या एकेका बटणामागे चार-चार कामं दडलेली, आणि भर गाण्यात हात चुकतो. थोरलीचं सगळं समोर असतं, डोळे मिटूनही सापडतं. आवाजाची धार कापणारा फिल्टर मिटत नेला की थोरली गोधडीत तोंड खुपसून बोलल्यासारखी होते, धाकटी शिट्टी मारते. मृदंगाखाली थोरलीच हवी, वरच्या सुरावटीला धाकटी. एकीचं काम दुसरीला सांगू नये.

दोघीही विकाव्यात. ऋतिका मुंबईत कॉम्प्युटरवर संगीत करते. मागच्या गणपतीत ती थोरलीकडे बघत म्हणाली, "आत्ये, मी हिचा आवाज भरून घेत्ये. मग पेटी कशाला हवी गो?" त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. जिला पेटी नको तिच्या गळ्यात ती बांधू नये.

४. भाट्याची हवा खारी. म्हणून या दोघींना ठेवते त्या कपाटाच्या तळाशी चाळीस वॅटचा जुन्या पद्धतीचा पिवळा दिवा बारमाही जळत असतो. तो उजेडासाठी नाही, उबेसाठी आहे. जूनमध्ये मी तपासण्यांसाठी दवाखान्यात होते, तेव्हा निलेशने वीज वाचवायला तिथे एलईडी लावला. घरी येऊन कपाट उघडलं तर थोरलीच्या पट्ट्यांवर बुरशी.

"अगो अक्का, उजेड तर पैल्यापेक्षा जास्त पडतोय," निलेश म्हणाला.

घर याला मुळीच देऊ नये असं त्या दिवशी वाटलं होतं. तरी कलम एक कायम आहे.

पिवळे दिवे आता मिळत नाहीत. शेवटचा होता तो काल गेला. मी हे लिहिते आहे आणि आत ऊब नाही. सोमवारी मी बेशुद्ध असेन तेव्हाही नसेल. मला भुलीपेक्षा याची जास्त भीती वाटते. खरं सांगायचं तर दोन्हींची वाटते, आणि कुठली जास्त हे रोज बदलतं.

५. साउंडवाला भिकाजी याने दर कार्यक्रमात स्पीकर फाटतील म्हणून माझा खर्ज कमी केला. लोकांनी अर्धीच थोरली ऐकली. त्याला माझ्या सगळ्या केबली द्याव्यात. त्यांतली एक खराब आहे. कुठली, ते त्याने शोधावं.

६. इथे लिहिणं थांबवावं लागलं. माझ्यासोबत कोल्हापूरला यायचं म्हणून ऋतिका आज आली. हातपाय धुतले आणि थेट मागच्या खोलीत गेली. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. तिने थोरलीवर एकच सूर धरला, सोडला, पुन्हा धरला.

"आत्ये, ही फार उतरल्ये आज. दिवा गेला काय गो हिचा?"

मी गेलेला दिवा काढून तिच्या हातात दिला. ती स्कूटर घेऊन बाजारात गेली. विजेच्या दुकानांत सगळीकडे नकार मिळाला, तेव्हा कोंबड्यांचं खाद्य विकणाऱ्याकडून पिल्लांना ऊब द्यायला लावतात तो दिवा घेऊन आली. हे मला कधी सुचलंच नव्हतं.

"तुझ्या कॉम्प्युटरात भरून झालाय ना आवाज?" मी मुद्दाम विचारलं.

"झालाय. पण तो कधी उतरतच नाय गो. दोन दिवसांत कंटाळा येतो त्याचा."

मला रडू आलं, आणि ते तिच्यापासून लपवलं नाही. सबब कलम तीनमधला विक्रीचा मजकूर रद्द. थोरली आणि धाकटी, दोघी ऋतिकाच्या. माझी आठवण म्हणून नॉब आहेत तसे ठेवायचे नाहीत. माझे आवाज खुशाल मोडावेत.

७. ऋतिका, थोरली चालू केल्यावर पहिला अर्धा तास बेसूरच असते. घाबरून बंद करायची नाही, सारखी सुरात ओढायचीही नाही. नुसतं जवळ बसायचं. सोमवारी शुद्धीवर येताना मीही काहीबाही बरळेन. तेव्हाही एवढंच कर.

सही करण्याआधी मी कपाट उघडून पाहिलं. दिवा जळतो आहे. दोन्ही साक्षीदारांनी तो पाहिला, मग माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या.

मथुरा गणपत पिलणकर (सही)

साक्षीदार:
१. रूपेश दत्ताराम नागवेकर, भाट्ये (सही)
२. शकुंतला ऊर्फ शकू वसंत भाटकर, भाट्ये (सही)

ठिकाण: भाट्ये, रत्नागिरी
दिनांक: १९ जुलै २०२५, शनिवार