फोटोतला डोंगर

कर्जत, मंगळवार, संध्याकाळ

कन्सल्टंट म्हणे! पुण्यात एसीत बसून मोबाईलवर शाळेचा स्लॅब पास करतो. मी नवीन साइट इंजिनिअर होतो तेव्हाचे कन्सल्टंट स्वतः शिडी चढायचे, सळयांना टेप लावायचे, अंतर चुकलं तर बांधलेली जाळी सोडायला लावायचे. त्यांच्या शिव्या खाल्ल्या, पण काम शिकलो. हा एकदाही साइटवर फिरकला नाही. टेप लावून फोटो पाठवा, बस्स.

आज शिवा मिस्त्रीने वर जाऊन सळयांचा फोटो काढून दिला. तो पुढे पाठवताना माझं बोट चुकलं आणि अकोले तालुक्यातल्या जुन्या कामाचा फोटो गेला. दोन मिनिटांत उत्तर: "ओके, भरा." शिवाने मोबाईलमध्ये डोकावून पाहिलं आणि हसायलाच लागला. "सायेब, ह्यात मागं डोंगर हाय की! आपल्याकडं कुठला आलाय डोंगर?"

कर्जतच्या दुष्काळी, सपाट माळावर हिरवागार डोंगर, आणि त्या शहाण्याला दिसला नाही! रागाने फोन लावला. म्हणाला, "मी टेपच बघतो हो. तुम्ही साइटवर आहात ना? सळया तुम्ही तपासल्यात ना?"

"हो," म्हणालो. पटकन. दुपारी स्लॅब भरून झाला.

घरी आल्यापासून त्याला शिव्या घालतोय, पण तो डोंगर काही डोळ्यांपुढून हलत नाही. साइटवर होतो, हे खरं. लिंबाच्या सावलीत, खुर्चीवर. शिडी मीही चढलो नव्हतो.