आईच्या मशीनची वायर

४ मार्च, बुधवार

आज पुन्हा तेच. ऑफिसातून आले तर आई कॉम्प्युटरसमोर खुर्चीतच झोपलेली. पडद्यावर दवाखान्याची पाटी अर्धी – ‘क्ष-किरण वि’ – आणि वर गोल चक्र फिरतंय. हाक मारली तर दचकली. “झोपले नव्हते गं. हा कधी जागा होतोय ते बघत होते.”

पाट्यांची अक्षरं स्टिकरच्या कागदातून कापून द्यायचं काम ती माझ्या शाळेच्या आधीपासून करते. मुळाक्षरंही मी त्या कातरणांतच शिकले. कापायचं मशीन अजून ठणठणीत आहे, कॉम्प्युटरच म्हातारा झालाय. ठरवलं – आतला प्रोसेसर आणि मदरबोर्ड नवा घालायचा. आणि तो मीच घालणार.

दादा हसला. “तू? बल्ब बदलताना दोनदा मेन स्विच बघतेस!”

तीनदा बघते. त्यात काय चुकलं?

६ मार्च, शुक्रवार

सामान आणलं. रॅमही नवी घ्यावी लागली, जुनी या बोर्डात बसत नाही म्हणे. हे मला आधी ठाऊक नव्हतं. अजून काय काय ठाऊक नसेल? जुना पॉवर सप्लाय चालेल का, पेटीतली स्क्रूची भोकं जुळतील का – सगळं वाचलं, पुन्हा वाचलं. दादा म्हणतो, “अगं, घर बांधतेयस की डबा उघडतेयस?”

आईला बोर्ड दाखवला. चष्मा लावून उलटसुलट बघितला, कडेच्या खाचांवरून बोट फिरवलं. “छान आहे,” म्हणाली. मनगटाला पट्टी बांधली होती. “काही नाही गं, चिमटा धरून धरून.” मशीनने कापलं तरी अक्षरांमधलं नको ते स्टिकर हातानेच सोलावं लागतं. कॉम्प्युटर भराभर चालला तर तिला जरा उसंत मिळेल.

८ मार्च, रविवार

सकाळी सुरुवात केली. खिडकीच्या गजाला हात लावून लावून अंगातली वीज घालवत होते. प्रोसेसरवर चिकटलेला जुना पंखा निघेना. ओढला, तर वाळलेल्या पेस्टसकट प्रोसेसरच उपटून हातात आला! पिना वाकड्या. म्हटलं, जाऊ दे, जुनाच तर आहे.

नवा बसवायला घेतला. कोपऱ्यातला खुणेचा बारीक त्रिकोण जुळवला, पुन्हा जुळवला. सगळं लावून बटण दाबलं – काळोख. तासाभराने दिसलं – प्रोसेसरजवळची छोटी वीजवायर लावायचीच राहिली होती. लावली. चालू झाला! इतका झटपट की मीच दचकले. दादाने टाळ्या वाजवल्या.

मग आईच्या मशीनची वायर घेतली. रुंद, जाड, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेली. आणि बघते तर नव्या बोर्डाला तसं भोकच नाही.

सगळं बघितलं होतं मी. सगळं! एवढंच नाही बघितलं.

“अगं, तुला काय माहीत,” आई म्हणाली आणि जेवायला वाढलं. मला घास गिळेना. ती मात्र शांत जेवली. माझ्यासाठीच.

९ मार्च, सोमवार

ऑफिसात दोन पत्रं चुकली. साहेबांनी विचारलं, बरं नाही का? बरी आहे म्हणाले. आजारी म्हटलं असतं तर निदान रजा तरी मिळाली असती.

११ मार्च, बुधवार

जुना बोर्ड परत लावून बघितला. प्रोसेसरच्या पिना सुईने सरळ केल्या होत्या, एक तुटली. उठत नाही. दादाने एका टोकाला यूएसबी असलेली वायर आणली. नवा बोर्ड पुन्हा घालून तीही लावली, मशीन ढिम्म.

आई दवाखान्याच्या माणसाशी फोनवर बोलत होती. “नाही हो, मशीनच बंद पडलंय, माझाही नाइलाज आहे.” दुसऱ्या कुणाचा तरी नंबर दिला. हे माझ्यामुळे. पैशांचं नाही, दादाच्या आणि माझ्या पगारात भागतं. पण इतक्या वर्षांचं तिचं काम मी एका रविवारात घालवलं. आता ती दिवसभर करणार काय?

१३ मार्च, शुक्रवार

दादाने शोधून काढलं – नव्या बोर्डात खोचायचं एक कार्ड येतं, त्याला तसलं जुनं रुंद भोक असतं! आईला सांगितलं. “कशाला आता पुन्हा धावपळ,” म्हणाली. म्हटलं, काही झालं तरी आणणार. उद्या दुकानात जाते. आठवडाभरात आज पहिल्यांदा भूक लागली.

१४ मार्च, शनिवार

मी तोंड उघडायच्या आत दुकानदाराने कार्ड काउंटरवर ठेवलं. “हेच ना? आईंना तेव्हाच सांगितलं होतं मी.”

तेव्हा म्हणजे कधी?

“तुम्ही बोर्ड नेलात ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी. आल्या होत्या विचारायला, आमच्या मशीनची वायर याला बसेल का. म्हटलं, नुसती नाही बसणार, हे कार्ड घ्या. तर नको म्हणाल्या. वर म्हणाल्या, मुलगी आली तर मिळत नाही म्हणून सांगा. आता मला असलं कसं जमणार हो ताई, दुकान आहे माझं!”

कार्ड हातात घेऊन उभी राहिले. मग परत ठेवलं.

घरी आई खिडकीशी बसली होती, दोन्ही हात मांडीवर.

“मिळालं का गं?”

“नाही,” म्हटलं. “बनवायचंच बंद केलंय म्हणे.”

“असू दे,” आई म्हणाली. “बस जरा इथे.”